‘निर्मळ’ पुडीवरची पहिली चिठ्ठी

मी, श्रीमती कांता सीताराम घाडीगावकर, वय वर्षे ७६, मूळ राहणार बीडीडी चाळ, नायगाव, दुसरा माळा, खोली क्र. ४७, सध्या राहणार शीव येथे भाड्याच्या खोलीत, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून बसवलेले नाही. डॉ. अक्षता परुळेकर यांनी गेल्या गुरुवारी मला तपासून तसा दाखला दिला आहे. त्यांनी मला वार विचारला, महिना विचारला आणि शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी सोळापर्यंत आले तेव्हा त्याच म्हणाल्या, पुरे.

शरीराचे मात्र खरे नाही. तीस वर्षे पूड कुटली, ती सगळी छातीत बसली आहे. जिना चढवत नाही, एका दमात वाक्य पुरे होत नाही, म्हणून बोलण्यापेक्षा लिहिलेले बरे. वकील उन्मेष दळवी यांनी नमुना दिला होता. त्यात ‘मी आजवर सुखासमाधानाने आयुष्य व्यतीत केले’ असे वाक्य होते, ते मी गाळले आहे.

यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. कोणी दाखवले तर ते खोटे समजावे. हे मी विशेषतः चि. हितेंद्र याच्यासाठी लिहीत आहे.

कलम १. माझी माणसे. माझे यजमान कै. सीताराम लक्ष्मण घाडीगावकर २००३ साली वारले. आम्हांला मूलबाळ नाही. यजमानांच्या धाकट्या भावाची दोन मुले, हितेंद्र आणि अक्षदा, एवढेच जवळचे. ही दोघे गावच्या जमिनीवरून एकमेकांशी बोलत नाहीत. अक्षदा वर्षातून दोनदा येते, भांडी घासून जाते, काही मागत नाही. चाळ पाडायचे ठरल्यापासून हितेंद्र दर महिन्याला येतो. बसल्या बसल्या विचारतो, “काकी, पेपर्स सेफ ठेवलेस ना? झेरॉक्स काढून ठेव, एक सेट माझ्याकडे दे.” चाळीच्या पुनर्विकासात मला नवी सदनिका मंजूर झाली आहे आणि लॉटरीत अकरावा मजला निघाला आहे, हे त्याला माझ्याआधी कळले होते. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असाच असतो.

कलम २. किरकोळ वस्तू. माझ्या दोन पाटल्या आणि मंगळसूत्र अक्षदाला द्यावे. बँकेत जे असेल त्यातून माझी शेवटची व्यवस्था करावी, उरेल ते तिचेच. कपडे कुणाला द्यायच्या लायकीचे नाहीत, ते जाळावेत.

चाळीतल्या मनू पाटकर हिने २००९ च्या गणपतीत मोदकांसाठी नेलेले पितळी पातेले परत केलेले नाही. ते तिला दिले असे समजावे. मात्र ते मुळात तिचेच होते असे ती चारचौघांत सांगते, ते तिने यापुढे सांगू नये. त्याच्या बुडाशी सी. ल. घा. कोरलेले आहे, उलटे करून पाहावे.

कलम ३. धंद्याचे सामान. एक लोखंडी खलबत्ता, दोन चाळण्या, वस्त्रगाळ करायची मलमल, सहा पत्र्याचे डबे आणि निळ्या पुठ्ठ्याची वही. हे कुणाला द्यायचे ते सांगण्याआधी हा धंदा काय होता ते लिहिणे भाग आहे.

संपानंतर यजमानांची मिल बंद पडली ती पडलीच. यजमान घरी बसले. १९८३ साली मी ढेकणांची पूड करायला घेतली. तेव्हा चाळीत ढेकूण एवढे, की लोक खाटेचे पाय रॉकेलच्या वाट्यांत ठेवत आणि ढेकूण छतावरून अंगावर पडत. नव्या सुनेच्या हातावर गांधी दिसल्या की माहेरचे लोक काय ते समजून जात. दुकानातले औषध मारले की पोरे खोकून हैराण. माझ्या आईकडे गावी धान्यात कडुनिंबाचा पाला, कपड्यांत वेखंड आणि बाजेच्या भेगांत सीताफळाच्या बियांची पूड भरायची रीत होती. ती मी इथे आणली. हंगामात दादरच्या मंडईत फळवाले सडकी सीताफळे टाकून देत, ती उचलायची. बिया धुवून गॅलरीत वाळवायच्या, कुटायच्या, मलमलीतून गाळायच्या, त्यात वेखंडाची पूड आणि जरासा कापूर. ढेकूण हमखास मरत. परळपासून लालबागपर्यंत बायका पुड्या न्यायला येत. ‘निर्मळ’ हे नाव यजमानांनी ठेवले.

सीताफळाची बी अख्खी गिळली तर पोटातून तशीच निघून जाते. कुटली की तिचे विष सुटते. हे मला पहिल्याच वर्षी कळले. कुटताना पूड उडून उजव्या डोळ्यात गेली, तर दोन दिवस तो डोळा उघडला नाही, आग अशी की मी मोरीत डोके घालून बसले होते. तेव्हापासून मी प्लास्टिकचा गॉगल लावून कुटायला बसे. लोक म्हणत, “काय कांताबाई, शूटिंग आहे काय?” मीही हसत असे. गॉगल का लावते ते मी कुणालाही सांगितले नाही.

१९९२ साली पुड्यांवर चिकटवायला छापील चिठ्ठी केली. तिच्यावर तीन ओळी होत्या. ‘संपूर्ण वनस्पतिजन्य. रसायन नाही. लहान मुलांना निर्धोक.’ तिसरी ओळ माझी. यजमानांनी कागद हातात घेऊन विचारलेसुद्धा, “निर्धोक? तुझो डोळो सुजलो तो इसारलंस?” मी म्हटले, झाडाचे आहे हो ते, काय होतेय. झाडाचे म्हणजे गुणाचे, असे आम्ही धरून चालतो. धोतराही झाडच आहे, हे तेव्हा सुचले नाही. सुचले असते तरी मी ती ओळ छापलीच असती, कारण पुड्या खपल्या त्या त्याच ओळीवर.

निळी वही आणि सगळे सामान अक्षदाला द्यावे. त्यातल्या मुंग्यांवरच्या, कपड्यांतल्या किड्यांवरच्या आणि निर्गुडीच्या धुरीच्या कृती तिने खुशाल वापराव्यात, चांगल्या आहेत. डोळ्यांना आणि पोरांना जपून, एवढे दर पानावर लिहावे. सीताफळाच्या बियांचे पान फाडू नये. फाडले तर कुणीतरी दुसरी शहाणी ते नव्याने शोधून काढील. त्या पानावर लाल शाईने या मृत्युपत्राचे कलम चार उतरून ठेवावे.

कलम ४. गंगुबाई तांबे यांच्याबाबत मी केलेले कृत्य. हे कलम लिहायला मला एकतीस वर्षे लागली आहेत. शब्द जड केलेले नाहीत, ज्याला वाचून दाखवावे त्याला समजावेत म्हणून.

गंगुबाई रघु तांबे या माझ्या समोरच्या खोलीत राहत. त्या बौद्ध, आम्ही मराठे. चाळीत दोन्हीकडची माणसे होती आणि सणासुदीला कोण कुणाच्या दारात जाते यावर लोकांची नजर असे. आमचे मात्र दार समोरासमोर, किल्ली एकमेकींकडे, पीठ-मीठ सगळे चाले. ती मला कांता म्हणे, मी तिला गंगू. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. चौतिसाव्या वर्षी ती विहारातल्या बायकांच्या वर्गाला जाऊ लागली. दिवसभर लोकांच्या घरी धुणी-भांडी करून संध्याकाळी पाटी घेऊन बसायची. दोन वर्षांत वाचायला लागली. मग काय, दुकानाच्या पाट्या, बसची नावे, वाणसामानाच्या पुडीचा कागद, काही सोडायची नाही. रविवारी विहारात बायकांना पेपर वाचून दाखवायची. माझ्या पुडीवरची चिठ्ठी पहिल्यांदा मोठ्याने वाचली ती तिनेच, माझ्या दारात उभी राहून. वाचून झाल्यावर म्हणाली, “बघ, एक अक्षर अडलं नाही.”

१९९४ च्या ऑक्टोबरात शाळेने तिच्या मुलीला, दीपिकाला, उवा झाल्यात म्हणून घरी पाठवले. पोर नऊ वर्षांची, चौथीत. गंगूने मला विचारले, “कांता, तुझी पूड उवांना चालेल काय गं?” मी म्हटले, “न चालायला काय झालं? ढेकूण मरतो तिथं ऊ काय चीज आहे. खोबरेल तेलात कालव, रात्री फडकं बांध, सकाळी धू.” तिने घरात नेऊन चिठ्ठी पुन्हा वाचली असणार. ती वाचल्याशिवाय काहीच करत नसे.

सकाळी केस धुताना ते पाणी दीपिकाच्या डोळ्यांत गेले. पोर किंचाळायला लागली. गंगूने चोळले, आणखी पाणी मारले, आणखी पूड उतरली. ती धावत माझ्याकडे आली. मला माझा डोळा आठवला. मी म्हटले, “उतरेल दोन दिवसांत. गुलाबपाण्याच्या पट्ट्या ठेव, दवाखान्यात कशाला जातेस?” दवाखान्यात गेली तर पुडीचे नाव निघेल, ही भीती मला त्या क्षणापासून होती. दोन दिवस तिने माझे ऐकले. तिसऱ्या दिवशी डोळ्यांतून पू आला तेव्हा ती पोरीला उचलून परळच्या इस्पितळात गेली. डॉक्टर म्हणाले, केसांना काय लावले ते आणा, ताबडतोब. गंगूने इस्पितळातून निरोप पाठवला: किल्ली तुझ्याकडे आहे, पुडी घेऊन ये.

मी तिची खोली उघडली, फळीवरची पुडी घेतली. चिठ्ठी समोरच. लहान मुलांना निर्धोक. मी इस्पितळात गेले नाही. मी परळला ज्याच्याकडे चिठ्ठ्या छापल्या त्या छापखान्यात गेले आणि तिथेच बसून नवी चिठ्ठी छापून घेतली. ‘फक्त ढेकणांसाठी. केसांना लावू नये. डोळ्यांत गेल्यास अपाय होईल.’ जुनी चिठ्ठी पाण्याने सोडवली, तिच्या जागी नवी चिकटवली, फडक्याने दाबून वाळवली. यात दुपार गेली. तेवढा वेळ डॉक्टर पुडीची वाट बघत होते.

डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली आणि गंगूकडे पाहिले. म्हणाले, “बाई, इथे स्पष्ट लिहिलंय.” गंगूने पुडी हातात घेतली. अक्षराखाली बोट ठेवत वाचली. परत वाचली. “असं नव्हतं,” म्हणाली. “डॉक्टर, असं नव्हतं. मी वाचलं होतं.” डॉक्टर वाईट माणूस नव्हते. त्यांनी हळूच विचारले, “तुम्हाला नीट वाचता येतं ना?” मी शेजारी उभी होते. माझ्या हातांना अजून खळ लागलेली होती.

दीपिकाचा डावा डोळा गेला. उजव्याने तिला जवळचे दिसते, लांबचे धूसर.

चाळीत बैठक बसली. मी नवी चिठ्ठी दाखवली. चाळीत उरलेल्या जुन्या पुड्या मी त्याआधीच, ताजी पूड देते म्हणून, बदलून घेतल्या होत्या. एकाने म्हटले, “यांना कुठलं वाचता येतंय, दोन दिवस पाटी धरली म्हणजे झालं काय.” ‘यांना’ म्हणजे कुणाला ते सगळ्यांना कळले. मलाही कळले आणि मी मान खाली घालून बसले. माझी जात त्या दिवशी माझ्या कामाला आली. आमच्या माणसांनी एकाही प्रश्नाशिवाय माझा शब्द धरला. घरी आल्यावर यजमान म्हणाले, “आता गप रव. तोंड उघडलंस तर धंदो बुडतलो, पोलीस येतले.” मी गप्प राहिले. यजमानांवर ढकलावे म्हणून हे लिहिलेले नाही. ते बोलले नसते तरी मी गप्पच राहिले असते.

तिचा नवरा रघु तिला उठता-बसता म्हणू लागला, “शाळा शिकायला गेली होती ना!” पोरीच्या ऑपरेशनांसाठी त्यांनी खोली विकली आणि ते शीव कोळीवाड्यात भाड्याने राहायला गेले. आज ती खोली असती तर त्यांनाही माझ्यासारखीच सदनिका मिळाली असती. गंगूने विहारात पेपर वाचणे सोडले. विजेचे बिल, औषधाची बाटली, विहाराबाहेरची पाटी, काहीही समोर आले की दीपिकाच्या हातात द्यायची. “तू वाच गं, माझं चुकतं.” एका डोळ्याची पोर वाचायची आणि दोन धड डोळ्यांची आई ऐकायची. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे, कारण मी तिच्याकडे जात राहिले. लोक म्हणत, कांताबाईंनी मैत्री सोडली नाही. मी जात होते ते तिला कधी संशय येतो काय ते बघायला.

२०१९ साली गंगू गेली. त्याच्या आठवडाभर आधी मी तिच्या उशाशी बसले होते. ती म्हणाली, “कांता, एक खरं सांग. मी तेव्हा काय वाचलं होतं?” खोलीत आम्ही दोघीच होतो. मी म्हटले, “चुकलीस गं तू. नवीन नवीन वाचत होतीस, कुणाचंही चुकतं.” तिने मान हलवली आणि डोळे मिटले.

तरी मी स्पष्ट लिहून ठेवते, की गंगुबाई तांबे यांनी चिठ्ठी बरोबर वाचली होती. त्यांना उत्तम वाचता येत होते. चिठ्ठी मी बदलली. मूळ चिठ्ठी मी जपून ठेवली होती, का ते मला सांगता येणार नाही. ती या मृत्युपत्राला जोडत आहे.

कलम ५. सदनिका. ~~नायगाव येथील पुनर्विकासात माझ्या नावे मंजूर झालेली अकराव्या मजल्यावरील सदनिका, तिच्या सर्व हक्कांसह, मी कु. दीपिका रघु तांबे हिला देत आहे. हितेंद्र यजमानांचा पुतण्या म्हणून काही सांगू लागल्यास ते ऐकू नये.~~

(हे कलम मी रद्द केले आहे. रेघ माझीच, शेजारी सही केली आहे. दळवी वकील म्हणाले, सगळे पुन्हा स्वच्छ लिहून काढा. माझ्यात तेवढा दम नाही, आणि खोडलेलेही दिसावे असे मला वाटते. का रद्द केले ते पुढे आहे.)

कलम ६. काल, दि. १७ रोजी घडलेले. कलम पाचपर्यंत लिहून झाल्यावर मी दीपिकाला बोलावले. ती आता एका शाळेच्या कचेरीत कारकून आहे. लग्न झालेले नाही, दोनदा मोडले. लांब, दिवा स्टेशनजवळ भाड्याने राहते, रोज दोन तास जायला, दोन यायला. मला वाटत होते, खोलीचे ऐकून ती रडेल, मीही रडेन, आणि काहीतरी सुटेल. म्हाताऱ्या माणसाची अक्कल म्हणतात ती ही.

मी कागद तिच्या हाती दिले. म्हटले, मी वाचून दाखवू का? ती म्हणाली, “नको.” उजव्या डोळ्याजवळ कागद धरून तिने सगळे वाचले. पातेल्याचेसुद्धा वाचले. चौथे कलम वाचून झाल्यावर परत पहिल्या ओळीवर गेली. मी दोन कप चहा केला, तो तसाच राहिला, वर साय धरली.

मग म्हणाली, “चिठ्ठी कुठाय?”

मी दिली. तिने ती खूप वेळ धरून ठेवली. नंतर जे बोलली ते मी जसेच्या तसे लिहिते. “मी पंधरा वर्षांची होते तेव्हा आईला म्हटलं होतं, तुला वाचता येत नव्हतं तर कशाला वाचलंस? दहावीचा फॉर्म भरताना मला ओळी दिसत नव्हत्या, तेव्हा चिडून म्हटलं होतं. तिनं फॉर्म माझ्या पुढ्यात सरकवला फक्त. त्यानंतर मी एकोणीस वर्षं तिच्याबरोबर राहिले आणि एकदाही सॉरी म्हटलं नाही, कारण मला वाटायचं माझं बरोबर आहे.”

मी म्हटले, “दीपू, मला माफ कर.”

ती म्हणाली, “तुम्ही तेवढं बोलू नका.” आजवर ती मला मावशी, तू असेच म्हणत आली आहे. काल पहिल्यांदा मी ‘तुम्ही’ झाले.

मग तिने विचारले, “साक्षीदार कोण आहे?” मी म्हटले, एक डॉक्टरबाई, दुसरी बाजूची एक बाई. ती म्हणाली, “दुसरी मी. मला सही करायची आहे.” मी तिला समजावले, की वकील म्हणाले आहेत, जिला घर मिळणार तिनेच साक्षीला सही केली तर हितेंद्रला बोट ठेवायला जागा मिळेल. कोर्टात म्हणेल, हिनेच म्हातारीकडून लिहून घेतले.

“तो तसाही जाणारच ना कोर्टात?”

“जाईल. अकरावा मजला आहे. सोडतोय होय.”

“आणि गेला की काय म्हणेल? म्हातारी भ्रमिष्ट झाली होती, काहीबाही लिहीत होती. म्हणजे आईचं कलमही खोटं.” ती विचार करत होती आणि मला तिच्यात गंगू दिसत होती, पाटीवर बेरीज करताना अशीच ओठ दाबून बसायची. मग दीपिका म्हणाली, “घर त्याला द्या.”

मला वाटले, मी नीट ऐकले नाही.

“हितेंद्रला द्या घर. मिळालं की तो म्हणेल, मृत्युपत्र अस्सल आहे, काकी शेवटपर्यंत शुद्धीवर होती, अक्षर न् अक्षर खरं आहे. तोच भांडेल यासाठी. आणि त्याला वाचायला लावा चौथं कलम. तुमच्या नव्या बिल्डिंगच्या मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर, मोठ्यानं. जे तेव्हा त्या बैठकीला होते त्यातले जिवंत असतील त्यांना बसवून. वाचलं नाही तर घर नाही.”

मी म्हटले, “अगं, तू राहणार कुठे? दिव्याला असे किती दिवस? तुझ्या हक्काचं आहे ते. तुमची खोली माझ्यामुळे गेली.”

“मला कळतंय ते. मला घर नको असं नाही. पाहिजे. पण घर घेतलं की लोक म्हणतील, पोरीनं आईच्या नावावर फ्लॅट काढला. मग आईचं काय उरलं?” तेवढे बोलून ती उठली. चिठ्ठी तिने पर्समध्ये ठेवली. “ही मी नेते. झेरॉक्स उद्या आणून देते, ती जोडा. पुढच्या रविवारी विहारात दाखवणार आहे. तुमच्या मरणाची वाट बघायला मी मोकळी नाही.”

दारात तिला म्हटले, चाळीतल्यांना मी जिवंतपणी सांगू शकत नाही, माझी छाती होत नाही. ती म्हणाली, “माहीत आहे. मेल्यावर सांगायला काय जातं.” आणि गेली. मी चहा ओतून टाकला.

मला राग आला होता, हेही लिहिते. एवढे सगळे देऊ केले आणि पोरीने तोंडावर मारले, असे रात्रभर वाटत राहिले. सकाळी समजले, की मी घर देत नव्हते, मी सुटका विकत घेत होते, आणि तिने ती विकली नाही.

कलम ७. सदनिकेची शेवटची व्यवस्था. वर लिहिलेली सदनिका मी चि. हितेंद्र घाडीगावकर यास देत आहे. अट एकच. माझ्या मृत्यूनंतर नव्या इमारतीतील रहिवाशांची जी पहिली सर्वसाधारण सभा भरेल, तिच्यात हितेंद्रने उभे राहून कलम चार पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्याने वाचावे. ‘आमच्या माणसांनी’ हे शब्द आणि जातीचा उल्लेख गाळू नये. घाईने वाचू नये. दीपिका तांबे हिला आगाऊ कळवून पहिल्या रांगेत बसवावे. तिने ‘पुन्हा वाचा’ म्हटले तर पुन्हा वाचावे, ती म्हणेल तितक्या वेळा. सगळे झाल्याची खात्री उन्मेष दळवी यांनी करावी. त्यांना मी या मृत्युपत्राचे व्यवस्थापक नेमत आहे.

हितेंद्रने यात कुचराई केल्यास सदनिका त्याची बहीण अक्षदा हिला मिळेल, आणि मग तिने वाचावे. अक्षदाला मिळू नये म्हणून तरी हितेंद्र स्वच्छ आणि खणखणीत वाचील, इतका मी त्याला ओळखते.

कलम ८. माझा देह. भोईवाड्याच्या स्मशानात विजेवर जाळावा. दहावे-तेरावे करू नये. कावळा शिवला नाही तर लोक कारण शोधत बसतात. माझे डोळे दान करायचा फॉर्म मी भरला होता. दीपिकाला त्याचा काही उपयोग नाही, तिचा डोळा आतून गेला आहे, हे डॉक्टरांना मी तीन ठिकाणी जाऊन विचारले. दुसऱ्या कुणाला होईल तर व्हावा. मी गेल्याबरोबर कळवावे, सहा तासांच्या आत घ्यावे लागतात. फोन नंबर कपाटाच्या दारावर आतून चिकटवला आहे.

येणेप्रमाणे मी लिहिले, वाचले आणि मला समजले. यात जे खोटे असेल त्याला मी जबाबदार, आणि जे खरे आहे त्यालाही. खाली दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही करीत आहे.

ठिकाण: शीव, मुंबई
दिनांक: १८ जानेवारी २०२६

(सही) कांता सीताराम घाडीगावकर

जोडपत्र: ‘निर्मळ’ पुडीवरील सन १९९२ च्या चिठ्ठीची झेरॉक्स. मूळ चिठ्ठी दीपिका तांबे यांच्याकडे.

साक्षीदार १
कांताबाईंनी माझ्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीवर आहेत.
(सही) डॉ. अक्षता परुळेकर

साक्षीदार २
कांताबाईंनी माझ्यासमोर सही केली. वरचे सगळे मी स्वतः वाचले आहे. कोणी वाचून दाखवलेले नाही. मी त्यांना माफ केलेले नाही.
(सही) दीपिका गंगुबाई तांबे